भावोजी, बदकं आणि वाटीतलं पांढरं

ठाण्यापासून कल्याणापर्यंत खाडीच्या दोन्ही काठांना त्या काळी जेवढी म्हणून बदकं होती, तेवढी सगळी आमच्या थोरल्या भावोजींना ओळखत होती. माणसांचं मी सांगत नाही. माणसं एखादवेळी त्यांना न ओळखता पुढे जात, आणि भावोजी तर सख्ख्या मेव्हणीला, म्हणजे मला, भर तळ्याच्या वाटेवर "आपण दवाखान्यात कधी आला होतात का?" असं विचारून गेलेले आहेत. पण बदकांचं तसं नव्हतं. बांधावर त्यांची काळी छत्री दिसली की कळव्यापासून दिव्यापर्यंतची बदकं माना ताणून एकमेकांना काहीतरी सांगत आणि ओळीनं पाण्यात शिरत. मधोमध जाऊन थांबत आणि तिथून पाहत राहत. भावोजी काठावर उकिडवे बसून त्यांची समजूत घालत, "अरे, चार थेंब तर हवेत मला." चार थेंबांनी भागत नाही, वाटीभर लागतं, हे बदकांना निराळं सांगावं लागत नसे.

थोरले भावोजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. त्यांचं नाव लिहीत नाही. ताईनं लग्नातल्या उखाण्यानंतर ते जन्मात घेतलं नाही, मग मी कशाला घेऊ. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात ते कंपौंडर होते. दवाखान्याचा खरा डॉक्टर साहेब होता आणि दुपारी झोपत असे, त्यामुळे दुपारी आजारी पडणाऱ्या सगळ्या ठाण्याचे डॉक्टर भावोजीच. अंगाला कायम औषधांचा वास, कोटाच्या एका खिशात पंचांग आणि दुसऱ्यात बाटल्यांची बुचं. वाटेत कुठे बूच पडलेलं दिसलं की चालता माणूस थांबून वाकलाच म्हणून समजा. एकदा आमच्याकडे जेवायला आले असताना कढी इतकी आवडली की त्यांनी ती खिशातल्या औषधाच्या पेल्यानं मोजून घेतली, पेल्यावरच्या रेघेशी डोळा नेऊन, आणि माझ्या सासूबाईंना म्हणाले, "उत्तम. दर चार तासांनी घ्यायला हरकत नाही." सासूबाई बिचाऱ्या आज्ञाधारक. त्यांनी दर चार तासांनी कढी करून गड्याबरोबर धाडायला सुरुवात केली, ती तिसऱ्या दिवशी ताईनं हात जोडले तेव्हा थांबली. आणि मी आज हे चार शब्द लिहिते आहे तेही त्यांच्याच कृपेनं. मला कुणी शाळेत घातलं नव्हतं. ताईकडे गेले की त्यांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या लावून लावून मी अक्षरं शिकले. 'पोटात घेण्याचे नाही' हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य. पुढे पोथ्या वाचल्या, पण इतकं स्पष्ट बोलणारं वाक्य पुन्हा भेटलं नाही.

साहेबाची एक जुनी सूक्ष्मदर्शक नळी होती, एक भिंग तडकलेली. ती त्यानं भावोजींना देऊन टाकली, आणि तेव्हापासून आमच्या दोन्ही घरांत कुणाचं बोट सुरक्षित राहिलं नाही. पाहुणा आला की पाणी, गूळ आणि सुई. एक थेंब काचेवर घ्यायचा, नळीला डोळा लावायचा, आणि मग "अहाहा" म्हणायचं. माझ्या यजमानांच्या बोटाला टोचलं तेव्हा मात्र बराच वेळ पाहून ते म्हणाले, "तुमच्या रक्तात कणांच्या पोटात काही नाही. रिकामे आहेत." झालं. आमच्या घरच्या माणसानं दोन दिवस अंथरूण धरलं. मी पंधरा दिवस डिंकाचे लाडू खाऊ घालत होते. तिसऱ्या आठवड्यात भावोजी सहज आले आणि म्हणाले, "अहो, माणसाचे तांबडे कण सगळ्यांचेच रिकामे. माझेही रिकामे. बदकाचं रक्त पाहा म्हणावं, दर कणात एकेक गाठ." यजमान लाडवाचा डबा बाजूला सारून म्हणाले, "म्हणजे आमच्यापेक्षा बदक बरं?" भावोजी विचार करून म्हणाले, "या बाबतीत हो."

आता बदकच का, ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस नुसता चक्रम होता. चक्रम तर होतेच, पण नुसते नव्हते.

ताईला एकच मुलगी, गोदी. रंगानं केतकी, डोळे टपोरे, आवाज गोड, आणि जन्मल्यापासून कपाळाच्या वर, बरोबर भांगापाशी, चार बोटं रुंदीची पांढरीशुभ्र बट. बाकीचे केस कोळशासारखे आणि मधे ही बट, जशी काळ्या गाईच्या कपाळावरची चांदणी. लहान होती तोवर कौतुक झालं. लग्नाचं पाहायला लागलो आणि तीच बट आम्हाला धोंड झाली. पनवेलचे आले, पाहून गेले. वसईचे आले, पाणीसुद्धा न घेता गेले. भिवंडीच्या बाईंनी तोंडावर सांगितलं, "आज केसाला आहे, उद्या अंगावर उतरेल. कोड घरात कोण आणणार?" त्या काळच्या रीतीनं मुलीला उशीर व्हायला लागला होता. अजून एखादं वर्ष गेलं असतं तर लोकांनी मुलीला बोल लावला असता आणि आईबापांच्या हातचं पाणी टाकलं असतं. ताई उपास करी, प्रदक्षिणा घाली. भावोजी यातलं काही करत नसत. त्या भिवंडीच्या बाई गेल्या त्या दिवशी त्यांनी गोदीला पुढ्यात बसवलं, बटेतला एक केस आणि काळ्यांतला एक केस उपटला, दोन्ही नळीखाली धरले, आणि रात्री जेवताना म्हणाले, "पान फाटलेलं नाही. बांधलेलं आहे."

कुणाला काही कळलं नाही. ताईनं भात वाढला.

मग हळूहळू उलगडा झाला तो असा. साहेबाच्या रद्दीत विलायतेची वैद्यकीची मासिकं येत, ती भावोजी घरी आणत. त्यांतल्या एकात लिहिलं होतं म्हणे, की प्राणिमात्राचं अंग ज्या बारीक कणांचं झालंय त्या जवळजवळ प्रत्येक कणाच्या पोटात एक गाठ असते. त्या गाठीत न्यूक्लीन नावाचा एक पदार्थ असतो, आणि बापाचं नाक नि आईचे डोळे लेकराला मिळतात ते त्याच्यावाटे, असं काही विद्वानांना वाटतं. आणि एका जर्मन पंडितानं हंसाच्या रक्तातून त्या गाठी काढून, त्यांतून आणखी एक पांढरा पदार्थ वेगळा केला, जो त्या न्यूक्लीनला घट्ट बिलगून असतो. त्याला नाव दिलं हिस्टोन. ताई म्हणाली, "त्यांच्या लेकीचं नाव असेल."

पंडितानं लिहिलं होतं ते एवढंच. तो पदार्थ तिथं बसून करतो काय, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. पुढचं सगळं आमच्या भावोजींचं. ते देवघरातली गुरुचरित्राची पोथी उचलून आणत, तिच्यावर गुंडाळलेलं तांबडं बासन दाखवत आणि मला सांगत, कारण दुसरं कुणी ऐकत नसे, "हे बघ मेव्हणीबाई. न्यूक्लीन म्हणजे पोथी. डोळ्यात तीच पोथी, नखात तीच, केसात तीच. आता डोळ्यानं नखाचा अध्याय वाचून कसं चालेल? डोळ्यात नखं उगवतील. म्हणून जो अध्याय जिथं वाचायचा नाही तिथं तो बांधून ठेवला पाहिजे. कोण बांधणार? तर हे पांढरं. हे बासन. आमच्या गोदीच्या चार बोटं जागेत काळ्या रंगाचा अध्याय कुणी सोडलाच नाही, एवढंच झालंय. यात पाप कुठं आलं, कोड कुठं आलं?"

दारातून ताई म्हणाली, "मग सोडायचा की."

"सोडायचा कसा ते कळायला आधी बासन डोळ्यांनी पाहायला नको?"

आता हे खरं की खोटं ते मला विचारू नका. मी चिठ्ठ्या वाचून शिकलेली बाई. पण त्यांनी सांगितलं की पटायचं, आणि पोथी परत जागेवर ठेवताना मी नकळत बासनाची गाठ जरा जपून मारायची.

तर हंसाचं रक्त पाहिजे. हे ऐकल्यावर ताईनं जो आकांत केला तो काय सांगू. "सरस्वतीच्या वाहनाचं रक्त? माझ्या घरात?" भावोजी शांतपणे म्हणाले, "हंस दुधातून पाणी वेगळं करतो म्हणून त्याला सरस्वतीनं जवळ केलं. मी त्याच्या रक्तातून पांढरं वेगळं करणार. तिला राग का यावा?" पण ठाण्यात हंस मिळेना. कल्याणला नाही, डोंबिवलीच्या शेतांत तर बगळेच बगळे. शेवटी बदकावर तडजोड झाली, आणि ताईला थोडं बरं वाटलं. बदकावर कुणी देव बसत नाही.

ब्राह्मणानं बदकाच्या रक्ताला शिवायचं म्हणजे आंघोळ आली. रक्त आणलं, आंघोळ. ढवळलं, आंघोळ. चुकून पुन्हा डोकावले, आंघोळ. दिवसाला पाच पाच आंघोळी होत. आमच्या ठाण्यात भावोजींइतका स्वच्छ माणूस झाला नाही, आणि कार्तिकात त्यांच्याइतकं कुणी शिंकलंही नाही. ताजं रक्त गोठू नये म्हणून ते घुसळावं लागतं, हे त्यांनी मासिकात वाचलं, आणि त्याच दिवशी ताईची ताकाची रवी नाहीशी झाली. ताई आठ दिवस शोधत होती, शेजारणीवर संशय घेऊन बसली होती. नवव्या दिवशी मागच्या पडवीत रवी सापडली, दोरीसकट तांबडी. ताई रवीकडे पाहत उभी राहिली, मग मला म्हणाली, "अगं, इकडून बदकाचं लोणी काढणं चाललंय." त्यानंतर घरात दोन रव्या आल्या. एकीला शेंदराचं बोट लावलेलं, ती सोवळ्याची.

बदकं पुरवणारी चेंदणीची एक कोळीण होती, उंचनिंच, कासोटा मारलेली, कमरेला कोयता. तिला भावोजींचं भारी कौतुक. त्यांना सगळे दाक्तर म्हणत तशी तीही म्हणे. मी एकदा बरोबर गेले होते तेव्हा तिनं विचारलं, "दाक्तर, ह्या रगताचा करता काय तुमी?"

"शोधतोय."

"काय हरवलाय?"

"माझ्या लेकीच्या केसांतला काळा रंग."

ती हसली नाही. मडकं खाली ठेवून म्हणाली, "माझ्याकडं एक तपकिरी बदकीन हाय. पंखात दोन पिसां पांढरी. अंडी तेवरीच देते, पिल्लां पन निगुतीनं फिरवते. मना कई वाटला नाय तिला कई झालाय म्हनून." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, मी तिला कोनाला दाखवाला बसवीत नाय, म्हनून असंल."

परतताना कळव्याचा पूल आल्यावर भावोजी एवढंच म्हणाले, "बाई शास्त्र शिकली असती तर मासिकात लिहिती."

असे सात की आठ प्रयोग झाले. एकदा सगळं नासलं, एकदा मांजरानं सांडलं, एकदा दवाखान्यातून आणलेला तेजाब जास्त पडला आणि वाटीचा तळ धुराबरोबर गेला. पांढरं काही दिसेना. आणि तेवढ्यात कल्याणहून निरोप आला. तांदळाच्या वखारीचे मालक, घर खाऊनपिऊन सुखी, मुलगा मुंबईत शिकायला. मुलाचे वडील आणि वडिलांची काकू मुलगी पाहायला येणार. ताईनं मला दोन दिवस आधीच बोलावून घेतलं. याच्या पलीकडे स्थळ येणार नाही, हे आम्ही तिघंही जाणून होतो, आणि गोदी तर सगळ्यांत जास्त. ती त्या दोन दिवसांत एकदाही आरशापाशी गेली नाही.

सकाळी ताईनं भावोजींना सूचना दिल्या, भिंतीकडे तोंड करून, जशी ती नेहमी देई. "आज इकडून बदकाचं नाव निघायचं नाही. रक्ताचं निघायचं नाही. पोथीचं निघायचं नाही. आणि काहीच बोलणं झालं नाही तर देवाचे उपकार होतील."

भावोजी म्हणाले, "बोलावल्याशिवाय मी पडवीतून बाहेरच येत नाही."

ताई समाधानानं आत गेली. मीही समाधानानं काजळ आणि खोबरेल तेल कालवायला बसले. ती बट मी बोटाबोटानं अशी काळी केली, वर अबोलीचा गजरा असा माळला, की कुणाच्या बापाला कळलं नसतं. पडवीत बाप काय करतो आहे, हे कुणीच पाहिलं नाही. इथंच आम्ही दोघी बहिणी चुकलो. आदल्या संध्याकाळी कोळणीकडून रक्त आलं होतं. भावोजींनी ते घुसळून, मिठाच्या पाण्यानं धुऊन, गाठींचा गाळ तळाशी बसवून, तेजाबाच्या पाण्यात भिजवून, गाळून ठेवलं होतं. आता फक्त शेवटची पायरी उरली होती, आणि उन्हानं नासायच्या आत ती करायला हवी होती. नवसागर आणि चुना एका मडक्यात तापवायचे आणि त्याची वाफ नळीनं त्या निवळीत सोडायची. नळी म्हणून शेजारच्यांच्या गुडगुडीची आणलेली. नवसागर आणि चुना एकत्र तापवल्यावर काय होतं ते ज्यानं हुंगलंय त्यालाच कळेल. आणि आमच्या त्या घरात दुपारचा वारा खाडीकडून मागच्या दारानं यायचा आणि पुढच्या ओटीवरून जायचा.

पाहुणे ओटीवर बसले होते. मुलाचे वडील आडवे, गोरे, कानात भिकबाळी, बोलायला कमी. काकू बारीक, चपळ, डोळे घारीसारखे. गोदी येऊन नमस्कार करून बसली. काकूंनी नाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं, चालून दाखव म्हणाल्या. सगळं सुरेख चाललं होतं. एवढ्यात मुलाच्या वडिलांनी नाक ओढलं. उपरणं डोळ्यांना लावलं. मला वाटलं, मुलगी पाहून गहिवरून आलं, केवढा मायाळू माणूस. मग काकूंचेही डोळे भरले. मग ताईचे. घटकाभरात ओटीवर सगळेच घळाघळा रडताहेत आणि कुणी कुणाला कारण विचारत नाही. काकू हुंदका गिळून ताईला म्हणाल्या, "अहो, अजून पसंती व्हायची आहे, आत्ताच मुलीला निरोप कसला देता?"

गोदीनं किती वेळ सोसावं? तिनं दोन्ही हातांनी डोळे पुसले, कपाळ पुसलं, पदर डोक्यावरून फिरवला. काजळ तिच्या गालांवरून ओघळलं आणि गजऱ्याखालून ती बट लख्ख बाहेर आली.

ताईनं जमिनीकडे मान घातली. आणि त्याच क्षणी पडवीचं दार उघडून भावोजी धावत आले, अंगावर पंचा, हातात दवाखान्यातली चिनी मातीची वाटी, डोळ्यांतून धारा. त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं. सरळ मुलाच्या वडिलांपाशी गेले, वाटी त्यांच्या नाकाखाली धरली आणि म्हणाले, "आलं. ढगासारखं आलं. मेव्हणीबाई, तूच बघ बाई, मला मेलं काही दिसत नाही."

मुलाचे वडील म्हणाले, "मी कल्याणहून आलोय."

भावोजींनी डोळे चोळले. पाहुणे दिसले, ताई दिसली, मग काजळानं माखलेली गोदी दिसली. वाटी हातात तशीच राहिली.

"हे काय आहे?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

ताईनं मान वर न करता दोन बोटं हलवली, नको नको म्हणून. दूध म्हटलं असतं, औषध म्हटलं असतं, काहीही चाललं असतं. भावोजी म्हणाले, "बदकाच्या रक्तातलं पांढरं." आणि मग सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं, पोथी, अध्याय, बासन, जर्मन पंडित, कोळणीची बदकीण. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि माणूस हातवारे करून सांगतोय. गोदीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "हिच्यात काही कमी नाही. एक पान बांधलेलं राहिलंय."

मुलाच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पुढे मुलांना उतरेल का?"

नाही म्हणा, मी मनात म्हणत होते. एक अक्षर, नाही. त्यांना मुलीसाठी खोटं बोलायची ती एकच वेळ आली होती.

"मला माहीत नाही," भावोजी म्हणाले. "उतरेल, किंवा नाही उतरणार. तेच तर शोधतोय."

काकू उठल्या. गोदीजवळ गेल्या, बोट ओलं करून बटेखालची कातडी चोळली, हाताच्या पंज्याची पाठ पाहिली, कोपर पाहिलं, मान पाहिली. दहा ठिकाणी पाहून झाल्यावर पुतण्याला म्हणाल्या, "जन्माची आहे. कोडबीड काही नाही. आमच्या माहेरी एकीला अशी होती, सात पोरांची आई होऊन मेली. आणि ह्या बाबाला खोटं बोलता येत नाही, ते बरं. व्याही खोटा असला की जन्म जातो."

मुलाच्या वडिलांनी भिकबाळीशी चाळा केला. "बट चालेल," ते म्हणाले. "बदक चालणार नाही. व्याह्यानं रक्त घुसळलेलं कल्याणात कळलं तर माझ्या पंगतीला कोण बसेल? आजपासून बंद. कायमचं. आणि हे आत्ता, माझ्यासमोर, ओतून टाका."

मी भावोजींकडे पाहिलं. सात महिन्यांच्या बदकांच्या मनधरण्या, त्या आंघोळी, ती तळ गेलेली वाटी, आणि आज पहिल्यांदा आलेला तो ढग. ढग आला म्हणून काम संपत नव्हतं, तो गाळायचा होता, धुवायचा होता, वाळवून भिंगाच्या नळीखाली धरायचा होता. मला वाटलं निदान थोडा वेळ मागतील.

"बरं," ते म्हणाले. ताईचा श्वास सुटायच्या आत म्हणाले. अंगणात गेले, आणि पारिजातकाच्या बुंध्याशी वाटी तिरपी करताना मला हळूच म्हणाले, "तू बघून घे हं नीट. माझे डोळे अजून वाहताहेत." मी वाकून पाहिलं. त्यांनी वाटी पालथी केली आणि परत येऊन पाहुण्यांना विडा दिला.

गोदीचं लग्न माघात झालं, थाटात झालं. तिला बट झाकावी लागली नाही. कल्याणात ती बट म्हणजे त्या घराची खूण झाली. आणि भावोजींनी शब्द पाळला. पुन्हा कधी बदकाच्या वाटेला गेले नाहीत. दोन रव्यांतली एक ताईनं खाडीत सोडली. पण गंमत ऐका. करायला बंदी होती, सांगायला कुठे होती? वर्षाच्या आत हेच व्याही दिवाळीला आले, आणि फराळ झाल्यावर इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाले, "ते पोथीचं काय ते पुन्हा सांगा बरं." मग दर खेपेला तेच. वखारीतल्या हमालांनासुद्धा ते बासनाची गोष्ट सांगत असत, असं गोदीच सांगायची. गोष्टीत बदकाचा हंस झाला होता आणि भावोजींचा कुणी काशीचा पंडित, म्हणजे पंगतीला बाध नको.

आता भावोजी थकलेत. दवाखाना सुटला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. दिवसभर ओटीवर बसून असतात. बाटल्यांच्या बुचांचा खिसाही ताईनं रिकामा करून टाकला, तर हसले नुसते. कुणी आलं की पूर्वीसारखं सुई घेऊन धावत नाहीत. घर फार शांत झालंय, आणि ताई, जी त्या गोंधळाला शिव्या देऊन देऊन दमली होती, तीच आता मधूनच उठून पडवीत डोकावून येते. मी गेले की मात्र भावोजी माझा आवाज ओळखतात, मला जवळ बसवून घेतात, आणि ताई आत गेल्याची चाहूल घेऊन विचारतात, "मेव्हणीबाई, त्या दिवशी तू पाहिलंस ना? कसं होतं?"

मी सांगते. पांढरं होतं. पिंजलेल्या कापसाच्या पेळूसारखं, वाटीच्या मधोमध तरंगत होतं, आणि कडेनं हळूहळू खाली बसत होतं. स्वच्छ दिसत होतं.

ते ऐकतात, मान हलवतात. "मग तेच. तेच ते," म्हणतात, आणि समाधानानं भिंतीला टेकून बसतात. त्यांच्यासाठी ते आलं होतं की नव्हतं हे सांगणारी या जगात मी एकटीच. माझेही डोळे त्या दिवशी तितकेच वाहत होते, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.